सशांनी न गाठलेला कडा

लॉस एंजलिसजवळच्या किनाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, प्रशांत महासागरात सांता बार्बरा नावाचं बेट आहे. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचं, उभ्या कड्यांचं, बारमाही गोड्या पाण्याविना. ‘डडलिया ट्रास्किई’ हे रानफूल जगात फक्त इथेच उगवतं. जाड, रसाळ पानांचा झुबका आणि त्यावर पिवळ्या फुलांचे तुरे. कॅटलिना बेटावर राहणाऱ्या ब्लांश ट्रास्क यांनी १९०१ साली ते गोळा केलं; नावही त्यांच्यावरूनच पडलं.

पुढच्या चाळीस वर्षांत बेटावर शेती झाली, मेंढ्या चरल्या, माथ्यावरचं रान जाळलं गेलं. पण खरा घाला पडला तो दुसऱ्या महायुद्धात. तेव्हा बेटावर असलेल्या सैनिकांना खायला मांस मिळावं म्हणून न्यूझीलंड जातीचे तांबडे ससे आणून सोडले. युद्ध संपलं, माणसं निघून गेली, ससे मात्र राहिले आणि बेसुमार वाढले. कोरड्या उन्हाळ्यात त्यांना पाणी कुठलं मिळणार? ते होतं डडलियाच्या रसाळ पानांत. झाडांच्या जिवावर उठलेल्या या सशांना मी दोष देत नाही. त्यांना तिथे आणून विसरून जाणाऱ्यांना देतो.

१९५९ च्या वणव्याने बेटाचा मोठा भाग जळाला आणि १९७० च्या सुमारास ही वनस्पती संपली असं मानलं गेलं. १९७५ मध्ये ती पुन्हा सापडली. सशांचे पाय पोचले नव्हते अशा कड्यांच्या कपारींत थोडी रोपं तग धरून होती. १९७८ मध्ये अमेरिकी सरकारने तिला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. ससे मारण्याची मोहीम पन्नाशीच्या दशकातच सुरू झाली होती, पण ती ढिली पडली की ससे पुन्हा बोकाळत. शेवटचा ससा १९८१ च्या सुमारास गेला. एका बेपर्वा निर्णयाची भरपाई करायला चार दशकं लागली, हे मला फार अस्वस्थ करतं.

आजही तिची वस्ती मुख्यतः कड्यांवरच आहे. तिथली माती ढासळते, आणि बाहेरून आलेलं ‘आइस प्लांट’ नावाचं रोप जमिनीत मीठ साठवून देशी रोपांची जागा बळकावतं. त्यात आता चोरीच्या भीतीची भर पडली आहे. मुख्य भूमीवरच्या तिच्या भाऊबंदांना शोभेच्या कुंड्यांसाठी उपटून परदेशी पाठवणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्यावर, कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये डडलिया उपटण्याविरुद्ध कायदा केला. बेटावरच्या कड्यांपर्यंत हे हात पोचू नयेत, यासाठी पहारा ठेवायला हवा.