आखाजी ते मृग

खान्देशातल्या सालदाराचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होत नाही, आखाजीला होतं. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी जुन्या सालदाराचा हिशोब पुरा होतो, नव्याशी बोली ठरते आणि तिथून मृग लागेपर्यंतचा महिना-सव्वा महिना शेतीला फारसं काम उरत नाही. गहू, हरभरा, दादर ज्वारी घरात आलेली असते, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, नांगरलेलं रान उन्हात तापत पडलेलं असतं. तापीच्या खोऱ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळू लागला की दुपारी रानात जाण्यात अर्थही नसतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आखाजीचा सण दिवाळीच्या तोडीचा मानला जातो, याचं एक कारण मला या वेळापत्रकातच दिसतं. दिवाळी कापसाच्या वेचणीत येते, तेव्हा घरात कोणाला डोकं वर काढायला सवड नसते. आखाजीला मात्र ती असते. सासुरवाशिणींना आणायला मुराळी जातो, झोके बांधले जातात, पितरांच्या नावानं घागर भरली जाते, आणि त्याचबरोबर वर्षभर मागे पडलेलं सगळं हाती घेतलं जातं. धाब्यावर माती टाकायची, धान्याला निंबाचा पाला घालून ते भरून ठेवायचं, तिखट-मसाला कुटायचा, पापड-कुरडया घालायच्या, बांधाचे वाद बसून मिटवायचे, ज्यांच्याकडे वर्षभर जाणं झालं नाही त्यांच्याकडे जाऊन यायचं.

दगदगीच्या काळात घर मागे पडतं, हे कोणत्याही घराला नवं नाही. कपडे साठतात, बिलं राहतात, आजारी मावशीची विचारपूस राहते, मुलाच्या वहीकडे बघायचं राहतं. त्यावर आज मिळणारा सल्ला बहुतेक एकाच वळणाचा असतो: पहाटे तासभर लवकर उठा, रविवार सत्कारणी लावा, यादी करा, नियोजन सुधारा. म्हणजे दोष माणसाच्या शिस्तीचा आणि उपायही त्यानं एकट्यानं करायचा. खान्देशाचं जुनं वर्ष याहून वेगळं काही सांगतं, आणि ते मला अधिक खरं वाटतं. मागे पडणं तिथे गृहीतच धरलेलं होतं. ते भरून काढायला वर्षातला एक तुकडा राखलेला होता आणि तो सगळ्यांना एकाच वेळी मोकळा असे. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. एकट्यानं राखलेली सवड टिकत नाही. कोणीतरी येऊन ती घेऊन जातं. सगळ्यांची सवड एका वेळी पडली, तरच ती राहते आणि तरच तिच्यात कामं उरकतात.

ज्वारीच्या पापडांचं, म्हणजे बिबड्यांचं, उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. ज्वारी आधीपासून भिजत घालायची, मग सडून-भरडून घ्यायची. करायच्या दिवशी पहाटे अंधारातच चूल पेटते, मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची, जिरं घातलेला घाटा रटरटू लागतो आणि तो ढवळायला दणकट मनगट लागतं. घाटा गरम आहे तोवरच तो पाण्याच्या हातानं ओल्या कापडावर पातळ थापायचा असतो. निवला की हाताखाली सरकत नाही. एक ढवळणारी, एक वाढून देणारी, दोघी-तिघी थापणाऱ्या, एखादी कापडं पसरणारी आणि राखण करणारी, असं ते काम आहे. उन्हं वर यायच्या आत अंगण भरून जातं. बिबडे वाळले की कापडाला मागून पाणी लावून ते सोडवायचे. एका बाईला हे चार दिवसांतही जड जाईल. पाच जणी मिळून एका सकाळीत उरकतात आणि दुसऱ्या दिवशी दुसरीच्या अंगणात जमतात. शेतात ज्याला सावड म्हणतात, तीच ही घरकामातली सावड. तिची अट एकच: पाचही जणींची सकाळ एकाच आठवड्यात मोकळी असली पाहिजे. पुढे पावसाळ्यात निंदणीवरून आणि नंतर वेचणीवरून थकून आलेल्या बाईनं भाकरीबरोबर भाजून द्यायला डब्यात काहीतरी असायचं, ते या सकाळींमुळे. दगदगीच्या दिवसांची तयारी आधीच होऊन जायची.

हा मोकळा तुकडा गेला कुठे, तर तो थोडाथोडा करून निरनिराळ्या कामांना दिला गेला, आणि प्रत्येक वेळी त्याला चांगलं कारण होतं. ठिबक आलं आणि मेअखेरीस पूर्वहंगामी कापूस लावता येऊ लागला. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगरच्या पट्ट्यात केळीनं वर्षाची चौकटच बदलली. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन लागवडी, त्यात उतिसंवर्धित रोपं, त्यामुळे कापणी, खतं, पाणी, गाडी भरणं यांना खंड नाही. ऐन उन्हाळ्यात तर केळीला लेकरासारखं जपावं लागतं. शहरात भुसावळच्या रेल्वेच्या पाळ्या, जळगावच्या डाळमिला आणि औद्योगिक वसाहत, धुळ्याची दुकानदारी. यांपैकी कशालाही आखाजीचा महिना ठाऊक नाही. मुलांची परीक्षा संपते त्या आठवड्यातच पुढच्या वर्गाचे क्लास लागतात. यातून उत्पन्न वाढलं, आणि ते वाढायलाच हवं होतं. जमाखर्चात फक्त एक रकाना राहून गेला: ज्या महिन्यात घर सावरलं जायचं, तोही कामाला लागला आणि घर सावरायला दुसरा महिना कोणी दिला नाही.

त्या जागी आता आठवड्याचा एक दिवस उरला आहे, तोही एकेकट्याचा. त्या दिवसावर किती ओझं पेलायचं? झोपेचंच बघा. 2019 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कामाच्या दिवसांत पाचच तास झोपू दिलेल्या निरोगी तरुणांना शनिवार-रविवारी हवं तितकं झोपू दिलं, तरी शरीराच्या साखर हाताळण्याच्या क्षमतेत पडलेला फरक भरून आला नाही. झोपेची ही गत, तर बाकीच्या साठलेल्या कामांचं काय सांगावं! त्यात जळगाव, धुळे, अमळनेर अशा गावांत वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस रविवारी पडला तर धुणं, भरणं, अंगण धुणं त्याच दिवशी. मंगळवारी पडला तर कामावर निघायच्या आधी पहाटे. घराची घडी बाईच्या हाती म्हणायची, पण तिचं वेळापत्रक नळ ठरवतो.

सगळ्यांची सवड एका वेळी असावी, याला निव्वळ गावाकडची आठवण म्हणून बाजूला सारता येत नाही. सोव्हिएत रशियानं 1929 मध्ये याच्या नेमका उलट प्रयोग केला. कारखाने थांबू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येकाला चार दिवस काम आणि पाचवा दिवस सुटी, पण गटागटाची सुटी वेगळी. हिशोबानं पाहिलं तर सुट्या वाढल्या होत्या. तरी लोक वैतागले, कारण नवरा घरी तेव्हा बायको कामावर, मित्र मोकळा तेव्हा आपण पाळीवर. दोन वर्षांतच, 1931 मध्ये, बहुतेक ठिकाणी सामाईक सुटीचा दिवस परत आणावा लागला. पुढे 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी 1993 ते 2005 या काळातली औषधविक्री तपासली. ज्या महिन्यांत जास्त लोक एकाच वेळी रजेवर होते, त्या महिन्यांत नैराश्यावरच्या गोळ्यांचा खप कमी होता, आणि ज्यांना रजेचा प्रश्नच नाही अशा निवृत्तांमध्येही तो कमी होता. 2014 मध्ये अमेरिकेतल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून असं दिसलं, की बेकार माणसांनाही शनिवार-रविवारी बरं वाटतं. त्यांना तर सातही दिवस रिकामेच असतात. मग त्या दोन दिवसांत वेगळं काय होतं? बाकीचे घरी असतात.

कापूस पिकवणाऱ्याला हे पटवायला रशिया-स्वीडनपर्यंत जावं लागत नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रातल्या कपाशीचं अतोनात नुकसान केलं, तेव्हापासून कृषी विभाग दोन गोष्टी कानीकपाळी ओरडून सांगतो: फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी संपल्यावर तीच कपाशी पुढे उभी ठेवू नका, आणि जूनच्या आधी लागवड करू नका. मधले काही महिने शिवारात कपाशीच नसली, तर अळीला खायला राहत नाही आणि तिचं चक्र तुटतं. पण एकानं पऱ्हाट्या उपटल्या आणि शेजारच्यानं फरदड उभी ठेवली, तर पहिल्याचा त्याग फुकट जातो. खंड सगळ्या शिवारानं मिळून पाळायचा असतो. माणसांच्या सवडीचंही असंच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे जुन्या दिवसांचे गोडवे गाणं झालं. त्या सवडीत बायका पापड लाटत होत्या आणि पुरुष पत्ते कुटत होते. सुनेला खरी उसंत मिळायची ती माहेरी गेल्यावर, आणि तीही सासरचं सगळं करून निघाल्यावर. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करते. ती व्यवस्था न्याय्य नव्हती. बहिणाबाई चौधरींनी जात्यावर, चुलीपाशी, शेतात काम करताना ओव्या रचल्या, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या ओव्या दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या, आणि पुस्तक निघालं ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 साली. कष्टाला गाण्याची जोड मिळाली म्हणून कष्ट हलके झाले नाहीत. मात्र आजचं चित्र त्याहून फार वेगळं आहे असंही नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरचं विनामोबदला काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवताना दिसल्या, आणि असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 आहेत. बाईची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषाची नऊ. म्हणजे जुन्या रचनेतला अन्याय आपण जपून ठेवला आणि तिच्यातली सोबत तेवढी घालवली. पाच जणींचं काम आता एकीनं, रात्री दहानंतर, एकटीनं करायचं. सामाईक सवड परत आणायची तर घरातल्या पुरुषाचा हात त्यात आलाच पाहिजे, नाहीतर ती पुन्हा पत्त्यांचीच सवड होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सवड ही पोट भरलेल्यांची गोष्ट. ज्याचं घर रोजंदारीवर चालतं त्यानं काम सोडलं तर त्या दिवशी खायचं काय? वेचणीची मजुरी किलोवर मिळते, एक खाडा म्हणजे तितके पैसे गेले. हे नाकारता येत नाही, आणि म्हणूनच कोणत्याही मजुराला ‘जरा स्वतःसाठी वेळ काढा’ असं सांगणं मला क्रूर वाटतं. तरीसुद्धा सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावलच्या बाजूला, होळीच्या आधीचा आठवडा पाहावा. भोंगऱ्याचे बाजार भरतात, आणि कामासाठी दूर गेलेली पावरा-बारेला आदिवासी कुटुंबं गावी परततात. मुकादमाला, शेतमालकाला ठाऊक असतं की या दिवसांत माणूस मिळणार नाही. त्यांच्यातल्या एकानं रजा मागितली असती, तर दुसरा मजूर उभा करून त्याला कायमचं घरी बसवलं असतं. सगळेच निघतात म्हणून कोणाचंच काम जात नाही. ज्यांच्या हातात पैसा सर्वांत कमी, त्यांनी आपली सवड सर्वांत घट्ट धरून ठेवली आहे, आणि ती एकत्र धरली म्हणूनच ते जमलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी येणाऱ्या कानबाई देवीच्या सणाचंही तसंच. तिच्या नैवेद्याच्या रोटाला भाऊबंद एकत्र बसावे लागतात, म्हणून सुरतेत, पुण्यात पांगलेली घरं त्या रविवारी खान्देशात येतात. हा कुळाचा दिवस आहे म्हटल्यावर कारखान्यातला साहेबही फार ओढून धरत नाही.

सणांचाच आता ताण होतो, असं कोणी म्हणेल. होतो, कारण सण उरला आणि त्याच्या भोवतीचे मोकळे दिवस गेले. एका दिवसात पुरणपोळ्या, आमरस, पाहुणे आणि परतीची गाडी बसवायची म्हटल्यावर माणूस थकणारच.

यातलं काही सरकारी कचेऱ्यांच्या हातात आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पूर्वी साठणारी कामं घरातली आणि शेतातली होती. आता त्यांत कागदांची भर पडली आहे, आणि कागदाला शेवटची तारीख असते. 2021 पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची आहे, आणि खरिपाची ती नोंद ऑगस्ट-सप्टेंबरात, निंदणी आणि फवारणीच्या धामधुमीत येते. पीक उभं असतानाच त्याची नोंद व्हायला हवी, हे खरं. पण आधार जोडणी, ई-केवायसी, वारसनोंद, शाळेला लागणारे जातीचे-उत्पन्नाचे दाखले यांना पीक उभं असण्याची गरज नाही. या सगळ्यांची मुदत आखाजी ते मृग या काळात धरली आणि त्याच दिवसांत तलाठी, सेतू केंद्र, बँक यांनी गावोगावी बैठक मारली, तर खरिपातले कितीतरी खाडे वाचतील. शाळा-महाविद्यालयांनी, क्लासवाल्यांनी मे महिन्यातले दोन आठवडे खरोखर बंद ठेवले, बाजार समितीनं, व्यापारी संघटनांनी आखाजीला एका दिवसाऐवजी चार दिवस दिले, सोसायटीतल्या पाच घरांनी वाळवणाचा, माळे आवरण्याचा, वृद्धांना दवाखान्यात नेण्याचा आठवडा ठरवून एकच धरला, तर यांपैकी कशालाच मोठा पैसा लागत नाही. केळीवाल्याला बागेतून उठता येणार नाही, तेव्हा त्याच्या पाण्याच्या पाळ्या शेजाऱ्यानं सांभाळायच्या आणि पुढच्या आठवड्यात त्याची परतफेड घ्यायची. सावडीची ही रीत शेतात अजून पुरती मेलेली नाही.