कर्ज मिळाले, पुढे काय?

शिकलेल्या मुलाने नोकरीच करावी, असा समज आपल्या समाजात घट्ट बसला आहे. त्याला कारणही आहे. राखीव जागांमुळे कचेऱ्यांत, बँकांत, एस.टी.त आपली माणसे शिरली आणि घरे उभी राहिली. प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक. परंतु आता आपल्या शहरातील तरुण 'स्टार्टअप' काढण्याची भाषा बोलू लागले आहेत. त्यांना कर्ज कोठे मिळेल हे सांगणारे पुष्कळ आहेत. हा धंदा कोणासाठी, कशासाठी काढतोस, असे विचारून पुढे दोन वर्षे पाठीशी उभा राहणारा मार्गदर्शक मात्र क्वचितच भेटतो.

असा मार्गदर्शक कसा असतो, हे कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांच्या हकिकतीत दिसते. संस्थानच्या पागेत नोकरीला असताना सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन स्वतंत्र धंदा काढावयास लावले. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचे 'सत्यसुधारक' हॉटेल सुरू झाले. चहा चांगला, जागा स्वच्छ, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज गाडी थांबवून तेथला चहा मागवू लागले, बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही पाजू लागले. नुसता चहाच का, सोडाही ठेव, असे सुचवून त्यांनी सोड्याचे यंत्र मिळवून दिले, असेही सांगतात. पैसे देऊन महाराज मोकळे झाले असते तर ते हॉटेल महिनाभरही चालले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट अनुभव खुद्द बाबासाहेबांचा. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर त्यांनी शेअर बाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. तरीही तो अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि पेढी बंद करावी लागली. ज्ञानात काही उणे नव्हते. बाजारात त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

ही उणीव ओळखून २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी केली. पुढे ५ एप्रिल २०१६ रोजी 'स्टँड-अप इंडिया' योजना आली. प्रत्येक बँक शाखेने अनुसूचित जाती-जमातीच्या किमान एका व्यक्तीला आणि एका महिलेला नव्या उद्योगासाठी १० लाख ते १ कोटी रुपये कर्ज द्यावे, अशी ती योजना होती. मार्च २०२५ मध्ये तिची मुदत संपली. मार्गदर्शनासाठी सिडबी व नाबार्डची मदत केंद्रेही तीत होती. पण काउंटरवर बसणाऱ्याला दिसते ते निराळेच. कर्जाच्या फाइलीत प्रकल्प अहवाल सुबक असतो, विक्रीचे आकडे मात्र दुसऱ्याच कोणी भरलेले. पहिले गिऱ्हाईक कोण, असे विचारले की मुलगा अहवालाची पाने चाळू लागतो.

आपल्या शहरात उद्योजकांच्या 'सीएमआयए' संघटनेने 'मॅजिक' ही नवउद्योजकांसाठीची संस्था काढली आहे. विद्यापीठातही अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. विद्यार्थ्यांनी तेथे अवश्य जावे. पण त्या दारापर्यंत जायला धीर देणारे माणूस घरचे लागते. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षे काढलेले फोरमन, खरेदी विभागातील अधिकारी आपल्या सभासदांत आहेत. कोटेशन कसे भरावे, बिलाचे पैसे नव्वद दिवस अडकले तर कामगारांचा पगार कशातून करावा, हे त्यांना तोंडपाठ आहे. महिन्यातून एका रविवारी दोन तास त्यांनी या मुलांसाठी बसावे. मुलांनीही येताना अहवाल आणू नये. आपला माल विकत घेण्यास तयार असलेल्या पाच जणांची नावे तेवढी लिहून आणावीत.