कृत्रिम गुडघा : आधीची तजवीज, नंतरचा क्रम

वसमत परिसरात हळदीच्या सऱ्यांतून उकिडवे बसून खुरपणी करण्यात ज्यांची उमर गेली, अशांच्या गुडघ्यातील कूर्चा पार झिजून हाडावर हाड घासू लागते, तेव्हा सांधेबदलाची गोष्ट निघते. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांनी २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात करवून घेतलेली ती हीच शस्त्रक्रिया.

तत्पूर्वी रक्तातील साखर आटोक्यात आणणे, किडक्या दाताचा वा लघवीतील जंतुसंसर्गाचा निकाल लावणे, तंबाखू वर्ज्य करणे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची वर्दी डॉक्टरांस देणे अगत्याचे. घरी कमोडची तजवीज न करताच रुग्णालयात दाखल होणे, हा मात्र आमच्याकडील सार्वत्रिक गाफीलपणा. कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवून दिल्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात. कितीही बरे वाटले तरी गुडघ्याखाली उशी घेऊ नये, तो वाकलेलाच आखडतो. उशी टाचेखाली असावी. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखम पाझरली, तर त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे. धाप लागल्यास तत्क्षणी. पायऱ्या चढताना धड पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा. परंतु औंढा नागनाथाच्या भुयारी गाभाऱ्यात, जेथे निरोगी माणसासही अंग चोरून उतरावे लागते, तेथे हा नियम पुरा पडत नाही, सबब काही महिने दर्शन वरूनच घ्यावे.