लष्करी ट्रक आणि मालवणचा खारा वारा

सेवेतून बाद झालेली लष्करी वाहने लिलावात विकली जातात. त्यांतला ‘शक्तिमान’ ट्रक पुष्कळांच्या ओळखीचा असेल. जर्मनीतल्या ‘मान’ कंपनीच्या आराखड्यावरून जबलपूरला १९५९ साली त्याची बांधणी सुरू झाली आणि १९९६ पर्यंत चालली. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचत असल्याने चिखल आणि चढण यांची त्याला पर्वा नसे. असा जुना ट्रक घेऊन मूळ रूपात आणावा, किंवा हौद्यावर खोली चढवून भटकावे, असा छंद काही जणांना असतो. घाटावर हे काम मुख्यतः इंजिनाचे आणि सुट्या भागांचे. हाच ट्रक मालवणच्या किनाऱ्यावर उभा केला तर मात्र आधी गंजाशी गाठ पडते, आणि तिथे आपला विज्ञानाचा तास सुरू होतो.

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे आपण वर्गात सांगतो. मग पक्क्या छपराखाली उभा केलेला ट्रक भर जानेवारीतही का गंजतो? पाणी आले कुठून?

याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की बाष्प ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि त्याला सुमारे ३३ टक्के आर्द्रताच पुरते. शिरोड्याच्या मिठागरातले जाडे मीठ हाताला ओलसर लागते ते त्यामुळेच. किनाऱ्यावरची हवा ३३ टक्क्यांइतकी कोरडी क्वचितच होते. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर येऊन पत्र्यावर बसतात. म्हणजे डोळ्यांना कोरडा दिसणारा ट्रक प्रत्यक्षात बाराही महिने ओला असतो! शिवाय खारे पाणी विजेचे चांगले वाहक. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया असल्याने तिला आणखी वेग येतो.

सर्वांत वाईट अवस्था जोडांची होते. पत्र्यावर पत्रा बसवला आहे अशा फटीत ऑक्सिजन कमी पोचतो, बाहेर तो भरपूर असतो. या फरकामुळे एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि फटीतले लोखंड विरघळत राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे जोड फुगतात.

इथे रंगारी नेहमीचा उपाय करतो. पॉलिश कागदाने घासायचे, पुट्टी भरायची, वर रंग मारायचा. ट्रक झकास दिसतो, आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात. कारण गंजाच्या बारीक खड्ड्यांत क्लोराइड तसेच राहिलेले असते. रंगाच्या थरातून बाष्प हळूहळू आत शिरते आणि खालचे मीठ ते ओढून घेते. मनुका पाण्यात फुगते तोच हा परासरणाचा प्रकार. आमच्या मते किनाऱ्यावरच्या दुरुस्तीत रंगापेक्षा धुण्याला अधिक वेळ द्यायला हवा.

धुणे पुरेसे झाले की नाही हे शाळेच्या प्रयोगशाळेत कळू शकते. घासून साफ केलेला भाग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. त्या धुवणात विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट घाला. पांढरट गढूळपणा आला तर क्लोराइड अजून बाकी आहे. तुलनेसाठी न वापरलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याचीही परीक्षा घ्यावी. विहिरीचे पाणी वापरू नये. किनाऱ्याजवळ ते बहुधा मचूळ असते आणि स्वतःच गढूळपणा देते.

लहान भागांचा गंज विद्युत-अपघटनाने काढता येतो. प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे द्रावण, बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला गंजलेला भाग, धन टोकाला भंगार लोखंड. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, विषारी क्रोमियम संयुगे द्रावणात उतरतात. सोड्याऐवजी मीठ घातले तर क्लोरीन निघतो. हायड्रोजन वायू तर सुटणारच, म्हणून काम उघड्यावर आणि विस्तवापासून दूर करावे. स्प्रिंगचे पाटे असे साफ करू नयेत. हायड्रोजन शिरून कठीण पोलाद ठिसूळ होते. जुन्या रंगात शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, असू शकते. ते कोरडे घासण्याचे काम मुलांना कधीही देऊ नये.

खरा धोका खालच्या सांगाड्याचा, म्हणजे चॅसीचा. पुट्टी कुठे भरली आहे ते लोहचुंबक सांगतो, कारण तिथे तो चिकटत नाही. चॅसी मात्र हातोडीने ठोकून, आवाज ऐकून तपासावी लागते. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आतून पोलाद झडले असण्याची शक्यता असते. अशा चॅसीवर खोली चढवून माणसे बसवणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. चॅसी निरोगी असली तरी खोली घट्ट जखडून चालत नाही. खडबडीत रस्त्यावर चॅसीने थोडे पिळवटावे अशीच तिची रचना असते. म्हणून खोली तीन बिंदूंवर टेकवतात. तीन पायांची घडवंची कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, त्याच तत्त्वावर.

वाहनाच्या रचनेत असे फेरफार करण्याआधी परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. मूळ रंग शोधण्यासाठी थर खरवडणाऱ्याने आणखी एक नियम लक्षात ठेवावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुणालाही ऑलिव्ह हिरवा रंग लावता येत नाही.