नापास झालो, हे सांगायचं का?

अमेरिकेत रेसिडेन्सीची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या एमबीबीएस मुलांच्या गप्पांत यूएसएमएलई या तिथल्या लायसन्स परीक्षेच्या ‘स्टेप वन’ला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, एकदा आपटलेला सहसा गप्प बसतो. मग सीनियर, रूममेट आणि पैसे घेणारे कन्सल्टंट त्याला सल्ले देतात. त्यातले बरेच चुकीचे असतात.

सगळ्यांत पसरलेला गैरसमज : आपण बोललो नाही तर कळणार कुणाला? वस्तुस्थिती अशी की, ते ठरवणं आपल्या हातात नसतंच. यूएसएमएलईचं ट्रान्सक्रिप्ट ‘इरास’ या अर्जप्रणालीतून थेट प्रोग्रॅमकडे जातं आणि त्यात प्रत्येक अटेम्प्टची नोंद असते. पासचा निकाल पाठवायचा आणि नापासाचा वगळायचा, अशी सोय नाही. पेपर जड गेला म्हणून मधूनच उठून आलं की अटेम्प्ट मोजत नाहीत, हेही खोटं. मोजतात, आणि एका स्टेपला आता एकूण ४च अटेम्प्ट मिळतात, पूर्वी ६ होते.

‘स्टेप वनला आता गुणच नाहीत, मग काय दिसणार?’ असंही ऐकू येतं. २६ जानेवारी २०२२पासून तिथे फक्त पास किंवा नापास एवढंच कळतं, हे खरं. पण गुण गेले, नापासाचा शेरा राहिला. उलट शेजारी आकडा नसल्यामुळे तो जास्तच डोळ्यांत भरतो.

या गोंधळाचं मूळ मला आपल्या सवयीत दिसतं. नीट-पीजीत यंदाची रँक बघतात. आधी किती वेळा बसलात, याच्याशी काउन्सेलिंगला देणंघेणं नसतं. तिकडे अख्खा इतिहास बघतात. एमबीबीएसची सप्लीसुद्धा (पुरवणी परीक्षा) त्यात येते. वैद्यकीय शिक्षण लांबलं का, त्यात खंड पडला का, असा प्रश्न अर्जात येतो. सप्लीमुळे बॅच सुटली असेल, तर उत्तर ‘हो’ आहे.

तिथे ‘नाही’ लिहिणं नापास होण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. नापास होणं हा नियमभंग नाही, खोटी माहिती देणं मात्र आहे. रेसिडेन्सीच्या जागा ठरवणारी ‘मॅच’ चालवणारी संस्था एनआरएमपी अशा उमेदवाराला पुढच्या मॅचमधून बाद करू शकते. परदेशी पदवीधरांना प्रमाणपत्र देणाऱ्या ईसीएफएमजीने गैरवर्तनाचा ठपका ठेवला, तर तोही नोंदीत राहतो.

मग एका नापासाने सगळं संपतं का? नाही, पण उगाच धीरही देऊ नये. काही प्रोग्रॅम नापासाची चाळणी लावतात. तिथे अर्ज उघडलाही जात नाही. बाकीच्या ठिकाणी पुढच्या टप्प्याचे, स्टेप टू सीकेचे गुण बोलतात, कारण तिथे आकडा अजून आहे.

प्रामाणिकपणा म्हणजे पर्सनल स्टेटमेंटभर रडगाणं, हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. दोन-तीन वाक्यं पुरतात : काय चुकलं, काय बदललं, पुढचा निकाल काय आला. (न झालेलं आजारपण मधे आणू नका, मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.) शिफारसपत्र देणाऱ्या डॉक्टरांनाही आधीच सांगून ठेवा.

आणखी एक, जे कन्सल्टंट क्वचितच सांगतात : पुढे लायसन्सच्या वेळी अटेम्प्टचा हिशेब पुन्हा होतो, आणि अमेरिकेतल्या काही राज्यांची मर्यादा चाराहूनही कमी आहे. प्रोग्रॅमची यादी करतानाच त्या त्या राज्याचा नियम बघून घ्यावा.