हिरडीच्या कडेपर्यंत

डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहरात, तिथल्या दंतवैद्यक महाविद्यालयात, १९६० च्या दशकात बारा जणांनी ठरवून दात घासणं बंद केलं. त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, उरलेले तिथलेच शिक्षक आणि प्रयोगशाळेतले कर्मचारी. सगळ्यांच्या हिरड्या निरोगी. ब्रश नाही, दातांच्या फटी कोरणं नाही. बाकी खाणंपिणं, काम, अभ्यास नेहमीसारखा. नॉर्वेचे दंतवैद्य हाराल्ड ल्यो आणि त्यांचे सहकारी या मंडळींच्या हिरड्या पुनःपुन्हा तपासत, दातांवर साचलेला थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि नोंदी ठेवत. काहींच्या हिरड्या दहाएक दिवसांतच सुजल्या, बाकीच्यांना दोन ते तीन आठवडे लागले. सुटलं कुणीच नाही. मग सगळ्यांनी पुन्हा नीट दात घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्वीसारख्या झाल्या.

१९६५ मध्ये छापून आलेला हा शोधनिबंध काही पानांचाच आहे. पण हिरड्यांविषयी आज जे काही खात्रीने सांगता येतं, त्याचा पाया तिथे घातला गेला. तोवर हिरड्या सुजण्याची कारणं म्हणून जीवनसत्त्वांची कमतरता, आनुवंशिकता, दातांची ठेवण, वय अशा अनेक गोष्टी सांगितल्या जात. त्यांतल्या काहींचा वाटा असतोही. पण दातांवर साचणारा जंतूंचा थर काढला नाही की सूज येते आणि काढला की ती जाते, हे माणसांवर, दोन्ही दिशांनी, एकाच प्रयोगात दाखवणारं हे पहिलं काम होतं. प्रयोगाची दुसरी दिशा मला जास्त मोलाची वाटते. हिरड्यांतून रक्त येणं हा आजार या टप्प्यावर पूर्ण बरा होतो, खुणेलाही उरत नाही. 

त्या थराला दंतवैद्य प्लाक म्हणतात. दात घासल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचं एक पातळ आवरण दातावर चढतं आणि त्यावर जंतू चिकटू लागतात. पहिल्या एकदोन दिवसांत हे जंतू गोल, साधे, बहुतांशी निरुपद्रवी असतात. थर तसाच राहिला तर लांब धाग्यांसारखे जंतू वाढतात आणि पुढे वळवळणारे, मळसूत्री जंतू दिसू लागतात. ऑरहूसच्या प्रयोगात हा क्रम दिवसागणिक टिपला गेला होता. हिरडी सुजते ती मात्र आपल्याच शरीराच्या प्रतिकारामुळे. जंतूंशी लढायला रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात, हिरडीच्या आतल्या बाजूचं नाजूक अस्तर झिजतं आणि ब्रश लागला की रक्त येतं. दुखत सहसा नाही. तीच अडचण आहे, कारण न दुखणाऱ्या गोष्टीसाठी आपण दवाखान्याची पायरी चढत नाही.

आणि रक्त दिसलं की बहुतेक जण काय करतात? त्या जागी ब्रश फिरवणं टाळतात. 'तिथे लागतंय, आपोआप बरं होऊ दे.' मनात येणारी ही गोष्ट स्वाभाविक आहे आणि नेमकी उलट आहे. रक्त येतं ती जागा म्हणजे थर राहून गेलेली जागा. मऊ ब्रशने तिथे रोज हळुवार, पण नेमानं साफ केलं की रक्त आठवडा-दोन आठवड्यांत कमी होत जातं. तसं झालं नाही तर मात्र दंतवैद्याला दाखवायलाच हवं, कारण मग खाली थर कडक होऊन त्याचं कीटण झालं असेल, आजार हाडापर्यंत गेला असेल किंवा कारणच वेगळं असेल.

ल्यो यांच्याच गटाने पुढे आणखी एक सरळ प्रश्न विचारला. दात किती वेळाने साफ केले तर हिरड्या निरोगी राहतात? १९७३ च्या या अभ्यासात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे गट पाडले. एका गटाने दर बारा तासांनी, दुसऱ्याने दर दोन दिवसांनी, तिसऱ्याने तीन दिवसांनी आणि चौथ्याने चार दिवसांनी दात पूर्ण स्वच्छ करायचे. पहिल्या दोन गटांत सूज आली नाही, पुढच्या दोन्हींत आली. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर दोन दिवसांतून एकदा पुरतं. पण या निष्कर्षातला 'पूर्ण' हा शब्द सोडून चालणार नाही. दाताचं शिक्षण घेणारा, तपासला जाणार हे माहीत असलेला विद्यार्थी जसं साफ करतो तसं आपण पहाटे डोळे चोळत करत नाही. आपल्या हातून काही जागा रोज सुटतात. सकाळी सुटलेली जागा रात्री सापडावी, म्हणून दिवसातून दोनदा.

या जागा बहुतेकांच्या ठरलेल्या असतात: खालच्या दातांची जिभेकडची बाजू, शेवटच्या दाढेची मागची बाजू आणि दोन दातांमधली फट. शिवाय सगळीकडेच दात आणि हिरडी जिथे भेटतात ती कड. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सचे चार्ल्स बॅस हे खरं तर हिवतापाचे अभ्यासक. हिवतापाचा परजीवी शरीराबाहेर वाढवून दाखवणाऱ्या पहिल्या संशोधकांपैकी ते एक. उतारवयात ते दातांकडे वळले आणि ब्रश कसा धरावा यावर त्यांनी बारकाईनं काम केलं. ब्रशचे केस हिरडीच्या कडेवर पंचेचाळीस अंशांच्या कोनात टेकवायचे, इतके की टोकं कडेच्या आत किंचित शिरतील, आणि जागच्या जागी लहान लहान हालचाली करायच्या. आडवं घासायचं नाही. आजही दंतवैद्य बहुधा हीच पद्धत, तिच्या थोड्या बदललेल्या रूपात, शिकवतात. आडवं जोरात घासणाऱ्यांचे दात चमकतात, पण थर कडेला तसाच राहतो आणि हिरडी हळूहळू मागे सरकते.

कोणत्या वस्तूने किती फरक पडतो, हे तपासणाऱ्या चाचण्या पुढच्या काळात शेकड्यांनी झाल्या. अशा चाचण्या एकत्र करून त्यांचा तौलनिक हिशेब मांडणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे अहवाल मला यात सर्वांत विश्वासाचे वाटतात, कारण पुरावा कच्चा असेल तर ते तसं स्पष्ट लिहितात. विजेवर चालणाऱ्या ब्रशचा अहवाल २०१४ चा. छप्पन्न चाचण्या तपासून त्यांनी सांगितलं की तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशच्या तुलनेत प्लाक सुमारे २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी असते. फरक खरा आहे, पण चमत्कार नाही. बोटं आखडलेल्या संधिवाताच्या रुग्णाला किंवा हात थरथरणाऱ्या वृद्धाला तो ब्रश घेऊन द्यावा. हात धड असलेल्याने साधा ब्रश नीट धरला तरी भागतं.

फ्लॉसची, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याची, गोष्ट जास्त गुंतागुंतीची. २०१६ मध्ये अमेरिकेत बातम्या आल्या की फ्लॉसच्या उपयोगाला भक्कम पुरावाच नाही आणि अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २०१९ च्या कॉक्रेन अहवालात पस्तीस चाचण्या होत्या. ब्रशच्या जोडीला फ्लॉस किंवा फटीत घालायचा बारीक ब्रश वापरला तर सूज थोडी कमी होते असं दिसतं, फ्लॉसपेक्षा तो बारीक ब्रश सरस असावा, पण हा पुरावा खालच्या दर्जाचा आहे, असं त्यात म्हटलं आहे. चाचण्या लहान, मुदत काही आठवड्यांची किंवा महिन्यांची, आणि फ्लॉसचा दोरा फटीत वरखाली नुसता ओढून काढणाऱ्यांची संख्या मोठी. दोरा दाताला बिलगवून हिरडीच्या किंचित आत न्यावा लागतो. ते जमायला सराव हवा. पुरावा कच्चा आहे याचा अर्थ फटी साफ करू नयेत असा नाही. ब्रशचे केस फटीत पोचत नाहीत, हे कुणालाही आरशात दिसतं. फटी मोठ्या असतील, वय झालेलं असेल, तर बारीक ब्रश वापरायला सोपा आणि परिणामाला चांगला.

औषधी चुळांमध्ये क्लोरहेक्सिडीनइतका तपासलेला पदार्थ दुसरा नाही. इथेही ल्यो येतात. १९७० मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी शिओट यांनी दाखवलं की ०.२ टक्के द्रावणाने दिवसातून दोनदा चूळ भरली तर ब्रश न करताही प्लाक साचत नाही. २०१७ च्या कॉक्रेन अहवालाने ५१ चाचण्यांवरून त्याचा गुण मान्य केला आणि त्याच्या खोडीही सांगितल्या: दातांवर तपकिरी डाग, जिभेची चव जाणं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर, ब्रश करता येत नाही अशा थोड्या दिवसांसाठी हे औषध उत्तम. महिनोन्‌महिने चालवायचं नाही. आणखी एक बारीक गोष्ट घराघरांत चुकते. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्याने क्लोरहेक्सिडीन निष्प्रभ होतं. पेस्टनंतर लगेच चूळ भरली तर औषध वाया जातं. मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यावा.

आपल्याकडे तेलाच्या गुळण्यांची परंपरा जुनी आहे. आयुर्वेदात गंडूष आणि कवल असे तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. चेन्नईच्या संशोधकांनी २००९ मध्ये तिळाच्या तेलाची तुलना क्लोरहेक्सिडीनशी केली आणि सूज दोन्हींनी कमी झाल्याचं नोंदवलं. पण ती चाचणी वीस किशोरवयीन मुलांवरची होती. इतक्या छोट्या आकड्यावर 'सिद्ध झालं' असं लिहिणं योग्य नाही. आवडत असेल तर गुळण्या कराव्यात, ब्रशच्या जागी नाही.

मशेरीबद्दल मात्र गुळमुळीत बोलता येणार नाही. महाराष्ट्राच्या गावागावांत आणि मुंबईच्या वस्त्यांत असंख्य बायका भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने हिरड्यांवर चोळतात आणि त्याला दात घासणं म्हणतात. ती सवय तंबाखूची आहे. बोट फटीत जात नाही, कडेपर्यंत पोचत नाही. उलट हिरडीवर तंबाखू बसतो. त्या जागची हिरडी मागे सरते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोणता कायदा लागणार? विडी-सिगारेट ओढणाऱ्यांबाबत आणखी एक धोका आहे: त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. आजार आत वाढत असतो, खूण मात्र दबलेली असते.

खूण दबली किंवा दुर्लक्षिली तर पुढे काय होतं, हे श्रीलंकेच्या चहामळ्यांत दिसलं. १९७० पासून पंधरा वर्षं ल्यो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ४८० पुरुष मजुरांच्या तोंडाची तपासणी केली. ही तमिळ माणसं ब्रश वापरत नव्हती, त्यांना दातांचे उपचारही मिळत नव्हते. सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा सुजेच्या पुढे गेलाच नाही. पहिल्या गटाचे सगळे दात पंचेचाळिशीपर्यंत पडले. सूज सगळ्यांना येते, हाड सगळ्यांचं सारखं जात नाही, हे ज्ञान या मजुरांमुळे मिळालं. ते वाचताना मला दरवेळी अस्वस्थ वाटतं. उपचार माहीत असलेल्या लोकांनी उपचार न मिळणाऱ्या गरिबांचे दात पडताना पंधरा वर्षं मोजले. आजच्या नैतिक नियमांत असा अभ्यास बसू शकेल असं मला वाटत नाही, आणि बसू नयेच.

याच्या उलट टोकाला स्वीडनचं कार्लस्टाड शहर. पेर अ‍ॅक्सेलसन आणि यान लिंडे यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ३७५ जणांना पहिली दोन वर्षं दर दोन महिन्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी बोलावलं. दरवेळी दात साफ करून दिले आणि घरी कसं करायचं ते पुन्हा दाखवलं. तुलनेसाठीच्या १८० जणांना वर्षातून एकदा नेहमीचे उपचार मिळत. सहा वर्षांत दोन गटांतला फरक इतका वाढला की तुलनेचा गट पुढे चालवला नाही. पहिल्या गटातल्या लोकांनी तीस वर्षांत सरासरी दोनपेक्षाही कमी दात गमावले.

मग ब्रिटनमधली २०१८ ची चाचणी वेगळं का सांगते? स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमधल्या ६३ दवाखान्यांतल्या १८७७ जणांना सहा महिन्यांनी स्केलिंग (दवाखान्यात कीटण खरवडून काढणं), वर्षाने स्केलिंग आणि स्केलिंग नाहीच अशा गटांत वाटलं. तीन वर्षांनी हिरड्यांतल्या रक्तस्रावात गटागटांत फरक सापडला नाही. घासण्याबद्दल प्रत्येकाला वेगळा सल्ला देऊनही फरक पडला नाही. माझा तर्क असा की कार्लस्टाडमध्ये स्केलिंगपेक्षा ती पुनःपुन्हा दिलेली शिकवण जास्त कामाला आली, आणि घाईच्या दवाखान्यात मिळालेला सल्ला तेवढा मुरत नाही. शिवाय ब्रिटनच्या चाचणीत आजार बळावलेले लोक नव्हते. सगळे नियमित दंतवैद्याकडे जाणारे होते. ज्याच्या दातांवर वीस वर्षांचं कीटण आहे, त्याने हा निष्कर्ष वाचून स्केलिंग टाळू नये. कीटण ब्रशने निघत नाही. 'स्केलिंगने दात हलायला लागतात' हा समजही इथेच सोडून द्यावा: हाड आधीच झिजलेलं असतं, कीटण निघाल्यावर ते जाणवतं एवढंच.

हिरड्यांच्या बऱ्याच चाचण्यांत एक गोष्ट दिसते. ज्या गटाला नवं काहीच दिलं नाही, त्याच्याही हिरड्या सुधारतात. आपली तपासणी होणार हे कळलं की माणूस नीट घासतो. संशोधकांना हा अडथळा वाटतो, कारण औषधाचा खरा गुण त्यात झाकला जातो. मला त्यात सर्वांत उपयोगी माहिती दिसते: तीच पेस्ट, तोच ब्रश, तीच माणसं, फक्त लक्ष वाढलं आणि रक्त कमी झालं.

मधुमेह असलेल्यांनी हे लक्ष अधिक द्यायला हवं. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांचा आजार बळावला की साखर आवरणं अवघड होतं. २०२२ च्या कॉक्रेन अहवालानुसार पायोरिया, म्हणजे हाडापर्यंत गेलेला हिरड्यांचा आजार, असलेल्या मधुमेहींवर त्याचे उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी पातळी दाखवणारं मोजमाप) सरासरी ०.४३ टक्क्याने उतरतं. गोळ्यांच्या जोडीला मिळणारा हा फायदा लहान नाही. म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाताना, त्यांनी विचारलं नाही तरी, ब्रश करताना रक्त येतं का हे आपणहून सांगावं. आणि दंतवैद्याकडे जाताना साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत न्यावा.