जुन्या मालमोटारीचे डिझेल इंजिन : दुरुस्त करावे की बदलावे?

पुण्याच्या पूर्वेस असलेल्या मांजरीच्या परिसरात कालव्याच्या पाण्यावर ऊस व भाजीपाला यांची लागवड पूर्वापार होत आली आहे. ऊस-संशोधनाच्या कार्यास वाहिलेली वसंतदादा साखर संस्था १९७५ साली स्थापन झाली. तिचे क्षेत्रही येथेच आहे. परंतु पीक उत्तम आले तरी ते वेळेवर पोचले पाहिजे. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्याचे वजन व साखरेचा उतारा दोन्ही घटतात. म्हणून ऐन हंगामात मालमोटारीचे इंजिन थकले म्हणजे मालक घाईने निर्णय घेतो, आणि अशा घाईतच पैशाचा व कधी जिवाचाही नाश होतो. याबाबत योग्य सल्ला कसा द्यावा, याचा येथे विचार केला आहे.

प्रथम परीक्षा, मग खर्च

इंजिनाचा धूर पुष्कळ काही सांगतो. काळा धूर येत असेल तर हवेची गाळणी तुंबलेली, इंजेक्टर बिघडलेले किंवा पंपातून डिझेल प्रमाणाबाहेर जात असावे. ही किरकोळ दुरुस्ती होय. तिच्यासाठी इंजिन बदलण्याचे कारण नाही. निळा धूर म्हणजे वंगण-तेल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला व रेडिएटरमधील पाणी कमी होऊ लागले, तर हेडचे गॅस्केट फुटले असावे किंवा हेडला चीर गेली असावी.

निळ्या धुराबरोबरच ब्रीदरच्या नळीतून जोराने वाफारा येत असेल, तर सिलिंडरमधील दाब मोजून घ्यावा. दाब कमी भरल्यास इंजिन उघडून लायनरची झीज मापकाने मोजावी. वरची रिंग जेथून परत फिरते तेथे ही झीज सर्वांत अधिक असते. क्रँकशाफ्टचे जर्नल लंबगोल झाले आहेत काय, तेही पाहावे. ब्लॉक व क्रँकशाफ्ट सुस्थितीत असल्यास नवे लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगे घालून तेच इंजिन पुन्हा चांगले काम देते. ब्लॉकला चीर गेली असेल किंवा क्रँकशाफ्ट घासण्याची मर्यादा संपली असेल, तरच इंजिन बदलण्याचा विचार करावा.

मोठे इंजिन बसविण्याचा मोह

टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीतील डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून मालमोटारी बनविण्यास आरंभ केला. त्या परंपरेतील टाटा ६९२ या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा व्यास ९२ मिलिमीटर, तर ६९७ या इंजिनाचा ९७ मिलिमीटर आहे. फरक अवघा ५ मिलिमीटरचा दिसतो. पण दट्ट्याची धावही १२० वरून १२८ मिलिमीटर झाल्याने एकूण घनफळ ४,७८८ वरून ५,६७५ घनसेंटिमीटरवर जाते. पुढे १९९३ साली टाटा व कमिन्स यांची संयुक्त कंपनी स्थापन झाली आणि टर्बोचार्जर असलेली इंजिने प्रचारात आली. साहजिकच जुन्या गाडीत असे जोरकस इंजिन बसवावे, असे अनेकांना वाटते.

परंतु इंजिन हा एका साखळीचा एक दुवा आहे. वाढलेला जोर क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट व मागील आस यांना पेलला पाहिजे. उष्णता वाढते, म्हणून रेडिएटर मोठा लागतो. इंजिनाचे वजन अधिक असल्यास पुढील आसावरचा भार वाढतो. ब्रेक मात्र पूर्वीचेच राहतात. भरलेली गाडी दिवेघाट उतरताना याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही.

वेगाचाही हिशेब जुळावा लागतो. समजा, जुने इंजिन मिनिटास २,८०० फेरे घेते, मागील आसाचे प्रमाण ६.८३ आहे आणि चाकाचा परीघ ३.१ मीटर आहे. तर वरच्या गिअरमध्ये चाकाचे ४१० फेरे होऊन ताशी सुमारे ७६ किलोमीटर वेग मिळतो. नवे इंजिन २,५०० फेऱ्यांचे असेल तर हाच वेग ६८ वर येतो.

जुन्या इंजिनास नुसता टर्बोचार्जर जोडणे किंवा पंपाचे सील तोडून डिझेल वाढविणे, हेही हितावह नाही. सिलिंडरमधील दाब व उष्णता वाढून पिस्टन जळतात आणि थोड्या दिवसांची ताकद मोठ्या खर्चास कारण होते.

कायद्याची मर्यादा

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी-पुस्तकातील तपशील व उत्पादकाने ठरविलेले मूळ स्वरूप यांत तफावत पडेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निर्णयात हेच स्पष्ट केले आहे. म्हणून बदलावयाचे इंजिन त्याच बनावटीचे व त्याच जातीचे असावे. त्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी आणि बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत तो कळवून नवा इंजिन क्रमांक नोंदवून घ्यावा. गाडीवर कर्ज असल्यास कर्ज देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी व विमा कंपनीसही लेखी कळवावे. नोंद न केलेल्या इंजिनाच्या गाडीस अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येऊन सारे नुकसान मालकाच्या माथी येण्याचा धोका असतो.

इंजिन बदलताना

१. जुने इंजिन पावतीशिवाय घेऊ नये. त्यावरील क्रमांक खोडलेला नाही हे स्वतः पाहावे; चोरीचा माल घेतल्यास मालक गुन्ह्यात सापडतो.

२. इंजिन बाहेर असतानाच क्लच-प्लेट, मांडणीचे रबर व पाण्याच्या नळ्या तपासून जीर्ण असतील त्या बदलाव्यात. रेडिएटर व डिझेलची टाकी धुऊन घ्यावी.

३. एअर ब्रेकचा कंप्रेसर इंजिनावर चालतो. तो पुरेसा दाब देतो याची खात्री झाल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये.

४. प्रारंभी हलका भार न्यावा आणि वंगण-तेल व त्याची गाळणी नेहमीपेक्षा लवकर बदलावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील मालमोटार-मालकांना हंगामापूर्वीच, पावसाळ्यात गाड्यांना काम कमी असते तेव्हा, ही तपासणी करून घेण्यास सांगावे. त्या वेळी दाब मोजण्यास लागणारा अर्धा दिवस हंगामातील कित्येक खेपा वाचवितो.